मनू, आधी दात हातात घे

मनू, "ताई, सुळा तेवढा ओळखू येतो गं, बाकी सगळे दात मला सारखेच दिसतात," असं तू फोनवर म्हणालीस आणि पुढे गप्प झालीस. त्या गप्प होण्यातलं सगळं मला कळलं. बीडीएसचं पहिलं वर्ष, डेंटल ॲनाटॉमीची व्हायवा तोंडावर आलेली, मेणाचे ठोकळे कोरून कोरून बोटं दुखतायत आणि शेजारची मुलगी मिलिमीटरचे आकडे घडाघडा म्हणून दाखवतेय. अशा वेळी आपल्याला काहीच येत नाही असं वाटतंच. म्हणून आज जरा निवांत बसून लिहितेय. चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

सगळे बत्तीस दात एका रात्रीत घ्यायचे नाहीत. आज फक्त बारा घेऊ. चार सुळे आणि आठ उपदाढा, ज्यांना कॉलेजात तुम्ही कनाइन आणि प्रीमोलर म्हणता. हेच बारा का, तर पुढच्या पटाशीच्या दातांचं काम तुकडा तोडणं आणि मागच्या दाढांचं काम दळणं. एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना दाताचा आकार कसकसा बदलत जातो, ते या बारा दातांत दिसतं. हा बदल नजरेत बसला की पुढचं नि मागचं पाठ करायला फार कष्ट पडत नाहीत.

आणि एक गोष्ट मनाशी पक्की धर. पेशंटच्या तोंडात तुला दात निम्म्याहून कमी दिसणार आहे. वरचा सुळा साधारण २७ मिलिमीटर लांब असतो. त्यातला क्राउन, म्हणजे वर दिसणारा भाग, जेमतेम १० मिलिमीटर. उरलेलं १७ मिलिमीटरचं मूळ हिरडीच्या आत, हाडात. तुझे पुढचे सगळे निर्णय, इंजेक्शन कुठे द्यायचं, ड्रिल किती तिरकं धरायचं, दात काढताना हात कोणत्या दिशेला हलवायचा, हे त्या न दिसणाऱ्या भागावर ठरणार आहेत. पहिल्या वर्षी तुमच्याकडून मेण कोरून घेतात ते यासाठीच. जे पुढे डोळ्यांना दिसणार नाही, ते आत्ता बोटांना कळावं म्हणून.

दिशांचे शब्द तू शिकलीच आहेस, तरी एकदा उजळणी करू. चेहऱ्याच्या मध्यरेषेकडची बाजू मेझियल, तिच्यापासून लांबची डिस्टल. सुळ्याची ओठाकडची बाजू लेबियल, उपदाढेची गालाकडची बक्कल, जिभेकडची लिंग्वल. वरच्या दातांना तीच टाळूकडची. दातांचे नंबरही दोन अंकी लक्षात ठेव. पहिला अंक जबड्याचा भाग सांगतो: पेशंटचा वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा अंक मध्यरेषेपासून कितवा दात ते सांगतो. सुळा तिसरा, म्हणून चार सुळे १३, २३, ३३ आणि ४३. चौथा आणि पाचवा दात म्हणजे उपदाढा. १४, १५, २४, २५ वरच्या आणि ३४, ३५, ४४, ४५ खालच्या.

आता सुळा घे. आरशासमोर उभी राहा. ओठ मिटून, नाकपुडीच्या बाजूला वरच्या ओठावरून बोट फिरव. हाडाचा एक उभा उंचवटा लागेल. तो सुळ्याच्या मुळाने हाडाला दिलेला आहे, कनाइन एमिनन्स म्हणतात तो. ओठाचा कोपरा भरलेला दिसतो त्यात त्याचाही वाटा असतो. सुळा काढल्यावर माणसाचा चेहरा त्या जागी बसल्यासारखा दिसतो, त्याचं कारण हे. आता दात मिटून खालचा जबडा हळूच उजवीकडे सरकव. बहुतेक तरुण तोंडांत काय होतं, तर खालचा उजवा सुळा वरच्या उजव्या सुळ्याच्या आतल्या बाजूवरून घसरत जातो आणि मागच्या सगळ्या दाढा एकमेकींपासून सुटतात. जबडा बाजूला जातानाचा आडवा जोर सुळे स्वतःवर घेतात आणि दाढांना वाचवतात. तंबूच्या कोपऱ्यातली खुंटी जितकी खोल ठोकावी लागते, तितकं या दाताचं मूळ खोल असायला हवं, कारण तो दातांच्या कमानीचा कोपरा आहे. तोंडातलं सगळ्यात लांब मूळ सुळ्यालाच का, याचं उत्तर तुला तुझ्याच जबड्यात मिळालं. आता तो १७चा आकडा विसरता येईल का बघ.

आता कस्प, म्हणजे टोक. सुळ्याला ते एकच. टोकापासून दोन उतार निघतात. मेझियल उतार आखूड, डिस्टल उतार लांब. उजवा-डावा ओळखायची ही पहिली खूण. पण दुधाच्या वरच्या सुळ्यात नेमकं उलट असतं. तिथे मेझियल उतार लांब. परीक्षक दुधाचा सुळा मुद्दाम ठेवतात, तेव्हा आधी आकार आणि मुळाची जाडी बघ. वरच्या सुळ्याला आतल्या बाजूला सिंग्युलमचा चांगला ठसठशीत उंचवटा असतो. त्याच्यापासून टोकाकडे मधोमध एक कणा जातो आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना उथळ खळगे. खालच्या सुळ्यावर हे सगळं पुसट, बोट फिरवलं तर जवळजवळ गुळगुळीत. खालचा सुळा अंगाने अरुंद, पण क्राउन वरच्यापेक्षा जरा उंच, ११ मिलिमीटरच्या आसपास. आणि त्याची सगळ्यात खात्रीची खूण सांगते. समोरून बघितलं, की मेझियल बाजूची क्राउनची रेघ आणि मुळाची रेघ जवळपास एकाच सरळ ओळीत उतरते. वरच्या सुळ्यात ती क्राउनपाशी बाहेर फुगते. मेण कोरताना मुली खालच्या सुळ्याला दोन्हीकडे सारखा फुगवटा देतात आणि तिथेच तो वरचा दिसायला लागतो.

सुळ्याबद्दल एक गोष्ट पुस्तकात मिळणार नाही, पण ओपीडीत पहिल्याच आठवड्यात समोर येईल. कुणाच्या तरी आजी येतील आणि सांगतील, "बाई, वरचा सुळा काढू नका, डोळ्याची नजर जाते." आजींना हसू नकोस आणि झिडकारूही नकोस. या भीतीचं मूळ शरीररचनेत शोधता येतं. वरच्या सुळ्याचं मूळ खरोखरच डोळ्याच्या दिशेने वर गेलेलं असतं, आणि त्याच्या टोकाशी पू झाला तर सूज डोळ्याखालपर्यंत चढते, पापणी मिटून जाते. आधी सुजलेला डोळा आणि मग काढलेला दात, हे लोकांनी पाहिलेलं असतं. आजींना शांतपणे सांग, की दाताची संवेदना नेणारी नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी, आणि दात काढल्याने नजर जात नाही. पण तू स्वतः मात्र त्या सुजेला हलकं समजू नकोस. नाकाच्या कडेने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या शिरा पुढे डोळ्यामागच्या शिरांना जोडलेल्या असतात, त्यामुळे क्वचित का होईना, तिथला जंतुसंसर्ग कवटीच्या आत पोहोचू शकतो. सुजेसोबत ताप, डोळा हलवताना दुखणं, दोन-दोन दिसणं असं काही असेल, तर पेशंटला उद्या बोलवायचं नाही. त्याच घटकेला मोठ्या रुग्णालयात पाठवायचं.

दुसरे येतात आईवडील. "मुलीला दातावर दात आलाय." आपल्याकडे काही घरांत ते भाग्याचं लक्षण मानतात. पण तो बहुतेक वेळा वरचा सुळाच असतो, जागा न मिळाल्याने वर चढून बसलेला. कारण वेळापत्रकात आहे. वरची पहिली उपदाढ साधारण १०-११व्या वर्षी येते, सुळा ११-१२व्या वर्षी. सुळा तयार होतो खूप वर, नाकाच्या बाजूला, आणि लांबचा रस्ता कापत खाली येतो. तो पोहोचतो तेव्हा शेजारी आधीच बसलेले असतात. कधी तर तो येतच नाही, हाडात आडवा पडून राहतो. अक्कलदाढेनंतर असा अडकून राहण्यात वरच्या सुळ्याचाच नंबर लागतो. म्हणून दहा वर्षांचं मूल कोणत्याही कारणाने तुझ्या खुर्चीत बसलं, तरी दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या आत, हिरडीवर बोट फिरवून बघायची सवय लावून घे. उंचवटा हाताला लागला तर ठीक. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला लागत नाही, असं असेल तर ऑर्थोच्या डॉक्टरांकडे पाठव. वेळेत कळलं तर कधी कधी दुधाचा सुळा काढून नव्याला वाट करून देता येते. उशीर झाला तर शस्त्रक्रिया करून त्याला ओढून आणावा लागतो.

आता उपदाढा. या फक्त कायमच्या दातांत असतात. दुधाच्या दातांत उपदाढ नाही. दुधाच्या दाढा पडतात त्यांच्या जागी या येतात. चारही जागच्या पहिल्या-दुसऱ्या तुला एकसारख्या दिसतात म्हणालीस ना? एकेक घे.

वरची पहिली उपदाढ हातात घे आणि अंगठा मेझियल बाजूवर ठेव. क्राउनच्या मानेपाशी अंगठा आत बुडेल. तो खळगा क्राउनवरून मुळावर उतरतो. दुसऱ्या कोणत्याही उपदाढेच्या क्राउनला असा खळगा नसतो, म्हणून दात ओळखायला तो पुरेसा आहे. पण त्याचं खरं महत्त्व तिसऱ्या वर्षी कळेल. तिथे कीड लागलेली असेल आणि तू फिलिंग करायला बसशील. दाताभोवती मॅट्रिक्स बँड गुंडाळशील. बँड सरळ ताणला जाणार आणि दात तिथे आत गेलेला, म्हणजे दोघांमध्ये फट राहणार. त्या फटीतून सिमेंट किंवा अमाल्गम बाहेर येऊन कडा तयार होते. कडेवर अन्न अडकतं, हिरडी सुजते आणि पेशंट सहा महिन्यांनी "तिथेच काहीतरी अडकतं" म्हणून परत येतो. बँड त्या खळग्यात दाबून बसवायला वेज, म्हणजे दातांच्या फटीत घालायची पाचर, नीट निवडावी लागते, आणि ते तेव्हाच सुचतं, जेव्हा खळगा तिथे आहे हे अंगठ्याला आधीपासून माहीत असतं. पेशंटलाही हेच सांगायचं. हिरडी मागे सरकलेली असेल तर त्या जागी धाग्यापेक्षा दातांमधला छोटा ब्रश बरा, कारण ताणलेला धागा खळग्यावरून नुसता पुलासारखा जातो.

याच दाताला बहुधा दोन मुळं असतात, एक गालाकडे, एक टाळूकडे, दोन्ही बारीक. दात काढताना हात गोल फिरवला तर एखादं मूळ मोडून आत राहतं. म्हणून इथे गालाकडे आणि टाळूकडे हळूहळू हलवायचं, पिळायचं नाही. खालच्या दुसऱ्या उपदाढेचं मूळ एकच, निमुळतं. तिथे थोडं फिरवून चालतं. आता सांग, मुळांची संख्या पाठ करायची गोष्ट आहे की हाताने समजून घ्यायची?

व्हायवातला एक लाडका प्रश्न इथेच आहे. कायमच्या सुळ्यात आणि बाकीच्या उपदाढांत बाहेरच्या कस्पचा मेझियल उतार आखूड असतो. फक्त वरच्या पहिल्या उपदाढेत तो लांब. त्यामुळे तिचं बक्कल टोक किंचित डिस्टलकडे सरकलेलं दिसतं. वरची दुसरी मात्र शांत स्वभावाची. दोन्ही कस्प जवळपास सारख्या उंचीच्या, कोपरे गोलसर, मधली खाच आखूड आणि तिच्यातून बारीक बारीक सुरकुत्या निघालेल्या. मूळ बहुधा एक. तिच्या मुळाच्या टोकाजवळ सायनस असतो. सर्दीने सायनस भरला तर कधी कधी वरच्या उपदाढा-दाढा ठणकतात, आणि दात निर्दोष असूनही पेशंट दात दाखवायला येतो. वाकल्यावर दुखणं वाढतं का, नाक बंद आहे का, हे विचारल्याशिवाय ड्रिलला हात लावू नकोस.

खालच्या जबड्यात ये. खालची पहिली उपदाढ म्हणजे सुळ्याचीच धाकटी बहीण वाटावी अशी. बक्कल कस्प उंच आणि टोकदार, आतली कस्प इतकी बुटकी की चावताना वरच्या दाताला टेकतही नाही. क्राउन जिभेकडे झुकलेला. वरून बघितलं तर दोन्ही कस्पना जोडणारा आडवा कणा ठळक दिसतो, आणि मेझियल-लिंग्वल कोपऱ्यात एक खाच. ही खाच या दाताची सही समज. झुकाव लक्षात ठेव, कारण पुढे ड्रिल सरळ उभं धरलंस तर बाहेरच्या कस्पखालच्या नसेपाशी पोहोचशील. तिथे ड्रिलही दातासारखंच जिभेकडे झुकवायचं असतं. आणि हिच्या एका मुळात कधी कधी दोन वाटा निघतात. रूट कॅनॉलमध्ये एक वाट सापडली म्हणून समाधान मानायचं नाही, एक्स-रे पुन्हा नीट बघायचा.

खालची दुसरी उपदाढ आता दाढेकडे कललेली. बऱ्याचदा तिला तीन कस्प, बाहेर एक आणि आत दोन, आणि वरच्या खाचा मिळून इंग्रजी वाय अक्षराचा आकार होतो. दोनच कस्प असतील तर खाच एच किंवा यू सारखी दिसते. खालच्या बाजूने सुळ्यापासून इथपर्यंत एकदा नजर फिरव. एक टोक, मग एक मोठं आणि एक नावापुरतं, मग तीन. तोडणं, धरणं आणि दळणं यांतला सगळा प्रवास तीन दातांत झाला. मी सुरुवातीला म्हटलं ते हेच.

ही दुसरी उपदाढ काही मुलांत जन्मतःच नसते. अक्कलदाढ सोडली तर जन्मतः नसणाऱ्या दातांत हिचा नंबर वरचा. अशा वेळी दुधाची दाढ तिथेच टिकून राहते. "दुधाची आहे, पडेलच" म्हणून ती काढायची घाई करू नकोस. आधी एक्स-रे काढून खाली कोणी आहे का ते बघ. आणि एक्स-रेमध्ये खालच्या उपदाढांच्या मुळापाशी गोल काळा डाग दिसला, तर तो पूच असेल असं धरून चालू नकोस. तिथे हाडाला मेंटल फोरामेन नावाचं भोक असतं आणि ओठ-हनुवटीची नस तिथून बाहेर येते. दात थंड-गरमला नीट उत्तर देत असेल, तर तो डाग निसर्गानेच ठेवलेला आहे. तो ओळखता आला तर एका चांगल्या दाताचं रूट कॅनॉल वाचतं. आणि त्या भागात चाकू चालवताना हे भोक विसरलं, तर माणसाचा अर्धा ओठ बधिर होऊन बसतो. इतकी मोठी जबाबदारी एवढ्याशा भोकात आहे.

ब्रेसेस लावताना पहिल्या उपदाढा काढतात, त्याबद्दल तू विचारलंस. दात काढणं हे नेहमीच लागतं असं नाही, पण जागा फारच कमी असेल तर बऱ्याचदा यांच्यावरच येतं. कारण त्या कमानीच्या प्रत्येक बाजूच्या मधोमध आहेत. तिथली जागा पुढच्या दातांनाही वापरता येते आणि मागच्यांनाही, आणि शेजारची दुसरी उपदाढ तिचं काम बरंचसं सांभाळते. वाकडा सुळा मात्र सहजासहजी काढायचा नसतो. कोपऱ्यातलं एवढं मजबूत मूळ परत मिळत नाही. पंधरा वर्षांची मुलगी "माझे चांगले दात का काढताय?" असं विचारते, तेव्हा तिला हे कारण समजावून सांगायला पाच मिनिटं काढ. तो तिचा हक्क आहे.

आता कोरण्याबद्दल. ठोकळ्यावर आधी समोरची बाह्यरेषा मोजून आख आणि तेवढीच काप. मग बाजूची रेषा आख आणि काप. दोन्ही झाल्याशिवाय कोपरे गोल करायला जाऊ नकोस आणि मेणाला चकाकी आणायची तर सगळ्यात शेवटी. दर दोन-चार कापांनंतर दात वरून बघ. बहुतेक चुका वरून लगेच दिसतात. शेजारी खरा दात ठेव. काढलेले दात जमवत असशील तर कॉलेजने सांगितलेल्या पद्धतीने निर्जंतुक होईपर्यंत हातमोज्यांशिवाय धरू नकोस. ते ओलसरच ठेव, सुकले की ठिसूळ होऊन तडकतात. आणि त्या दातांना जरा मानाने वागव. कुणीतरी कळा सोसून तो दात गमावलाय, म्हणून आज तू शिकतेयस.

आणि व्हायवा. सरांनी हातात दात दिला की नाव सांगायची घाई करू नकोस. आधी कस्प मोज. मग मुळं बघ. मग मेझियल बाजूवर अंगठा ठेव. मग उतारांची लांबी बघून उजवा-डावा ठरव. हे करताना मोठ्याने बोलत जा: "कस्प दोन, बाहेरची उंच, मेझियल बाजूला खळगा, मुळं दोन, म्हणून वरची पहिली उपदाढ." कारणांसकट बोलणाऱ्या मुलीचं उत्तर एखाद्या पायरीवर घसरलं, तरी शिकवणाऱ्याला ती कुठे घसरली ते दिसतं आणि तो तिला तिथून पुढे नेतो. नुसतं नाव सांगणाऱ्या मुलीला तो मदत करू शकत नाही. उद्या सकाळी खालची पहिली उपदाढ कोर, तीच तुला सगळ्यात अवघड जातेय. चारही बाजूंचे फोटो मला पाठव, कुठे मेण जास्त राहिलंय ते मी खुणा करून सांगते.